‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ : हजेरी, मिळकत आणि एका जुन्या आरोपाचा इतिहास

शाळा बंद करण्याचा विषय निघाला, गळतीचे आकडे बाहेर आले, की एक वाक्य ठरलेले असते : ‘आता पालकच मुलांना पाठवत नाहीत, त्याला सरकार तरी काय करणार?’ हे वाक्य अधिकाऱ्यांच्या तोंडी असते, अग्रलेखांत असते. खेदाची गोष्ट म्हणजे आपल्यातले शिकून नोकरीला लागलेले काही बांधवही सुट्टीत वस्तीवर आले की तेच बोलून जातात. ‘आम्ही शिकलोच ना, मग यांना काय झालं?’ हा आरोप आजचा नाही. तो किमान दीडशे वर्षांचा आहे, आणि आपल्या महापुरुषांनी त्याला वेळोवेळी उत्तर दिले आहे. जयंतीच्या भाषणांत ते उत्तर येत नाही. तिथे ‘शिका’ एवढा एकच शब्द येतो आणि पुढे डीजे सुरू होतो.

आमचे म्हणणे असे की लहान मूल पहिल्या चार इयत्तांत रोज वर्गात बसले तर शिकते. त्याचे रोज बसणे घरातली चूल कशावर पेटते यावर ठरते. आणि हे दोन्ही जमले तरी वर्गाच्या दारात जात उभी असते, ती वेगळी. इतिहासात हे तिन्ही अडथळे ज्याने एकत्र पाहिले त्याच्या हाताखाली आपली मुले शिकली. ज्याने एकाच अडथळ्यावर बोट ठेवून बाकीचे झाकले, त्याने शेवटी दोष आई-बापांच्या माथी मारला.

मुलांच्या बुद्धीबद्दल तर वाद फार पूर्वीच मिटला होता. पेशवाई बुडून पाच-सहा वर्षे झाली होती. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२३-२४ च्या सुमारास शिक्षणावर एक टिपण लिहिले. त्यात त्याने कबूल केले आहे की मिशनऱ्यांच्या अनुभवाप्रमाणे सर्वांत खालच्या जातींची मुलेच सर्वांत चांगली शिकतात. पण त्याला लागूनच त्याने इशारा दिला की या लोकांना खास उत्तेजन देताना जपून असावे. शिक्षण आधी त्यांच्यात रुजले तर ते त्यांच्यापुरतेच राहील, वरच्या जातींत पसरणार नाही. म्हणजे मुले हुशार आहेत हे माहीत होते, आणि ती हुशार आहेत म्हणूनच त्यांना दूर ठेवायचे होते. बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनसाठी शिक्षणाविषयी जे निवेदन तयार केले, त्यात हा दाखला मुद्दाम घेतला आहे. आपल्या तरुणांनी ते निवेदन काढून वाचावे. घटना समितीतली भाषणे जितकी वाचली जातात त्याच्या शंभराव्या हिश्शानेही ते वाचले जात नाही.

त्याच निवेदनात धारवाडचे प्रकरण येते. १८५६ च्या जूनमध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुलाने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारचे उत्तर असे की न्याय मुलाच्या बाजूने आहे खरा, पण एका मुलासाठी आग्रह धरला तर बाकीचे विद्यार्थी निघून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल. पुढे १८५८ साली कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी सरकारी शाळेत जातीवरून कोणाला अडवू नये असे कळवले. कागदावर दार उघडले. गावात ते बंदच राहिले. या मुलाचे नाव हजेरीपटावर चढूच दिले नाही. त्याच्या गैरहजेरीचा हिशेब कोणत्या बापाकडे मागायचा?

आता जोतीरावांकडे येऊ. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले त्याचा उल्लेख सगळे करतात, पण बहुतेक वेळा ‘सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी’ एवढ्यावर तो थांबतो. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी त्यात आहेच. पण त्याआधी जोतीराव कारण सांगतात, आणि ते आजही कोणा शिक्षणाधिकाऱ्याने टेबलावर ठेवण्यासारखे आहे. गरिबांची थोडी मुले शाळेत येतात, पण दारिद्र्यामुळे टिकत नाहीत. शाळेत टिकून राहावे असे त्यांना काही मिळत नाही, म्हणून हलकेसलके काम मिळताच ती शाळा सोडतात. खेड्यात कुणब्याला गुरे राखायला आणि शेत सांभाळायला पोर लागते, म्हणून तो शाळेपासून लांब राहतो. आवड नाही असे जोतीराव कुठेही म्हणत नाहीत. मूल हा घरातला एक कमावता हात आहे, तो हात शाळेत गेला तर घरात तूट येते, एवढे साधे अर्थशास्त्र ते इंग्रजी साहेबांना समजावतात. म्हणून ते सक्तीबरोबर शिष्यवृत्त्या आणि सहामाही-वार्षिक बक्षिसे मागतात. शिक्षक ब्राह्मणच का, शेतकरी वर्गातले का नाहीत, हेही विचारतात. आणि रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का जातो, हा प्रश्न तर मुळाशीच आहे. त्या काळी इलाख्यातल्या प्राथमिक शाळांत खालच्या जातींच्या मुलांचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते.

इथे थोडे थांबून महाराच्या घराची मिळकत म्हणजे नेमके काय होते ते पाहायला हवे. त्याशिवाय ‘गरिबी’ हा शब्द पोकळ राहतो. गावकीत महाराचे काम ठरलेले होते : येसकरकी, वेशीची राखण, सारा गोळा होताना चावडीवर हजर राहणे, टपाल पोचवणे, गावात आलेल्या अंमलदाराचे सामान वाहणे, मयताची सांगी परगावी नेणे, मेलेले ढोर ओढणे. १८७४ च्या मुंबईच्या वतन कायद्याने या गुलामगिरीला सरकारी शिक्का बसवला. मोबदला काय? थोडी वतनी जमीन, भावकीत तुकडे होऊन होऊन हातरुमालाएवढी झालेली, सुगीला बलुते, आणि दारोदार मागून आणलेली भाकर. नगद पैसा जवळपास नाहीच. पाटी विकत घ्यायची तर बलुत्याचे दाणे देऊन वाणी पाटी देत नाही.

दुसरी गोष्ट याहून घातक. हे काम एका माणसाचे नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले तेव्हा हे उघडे करून दाखवले. पाळी असलेला महार हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी राबावे लागते, आणि तेही दिवसाचे चोवीस तास केव्हाही. बाप परगावी गेला तर पोरगा. शाळेच्या वेळेत चावडीवरून हाक आली की पाटी खाली ठेवून पळायचे. अशा घरातल्या आठ वर्षांच्या मुलाची हजेरी कोण ठरवत होते? त्याचा बाप की पाटील?

याच्या उलट चित्र लष्करात दिसते. ब्रिटिश फौजेत शिरलेल्या महार शिपायाला दरमहा रोख पगार होता, निवृत्तीनंतर पेन्शन होती, आणि शिपायांच्या मुलामुलींसाठी छावणीत शाळा होती, तीही सक्तीची. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झालेले. अस्पृश्यांच्या चळवळीची पहिली लिहिती-बोलती पिढी लष्करी पेन्शनरांच्या घरांतून आली, हा योगायोग नव्हे. त्याच जातीची, त्याच रक्ताची माणसे. फक्त मिळकत बलुत्याऐवजी पगाराची झाली, पोरांना चावडीची हाक येईनाशी झाली आणि शाळा रोजची झाली. इंग्रजांची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. त्याच इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली आणि ही वाटही बुजवली. त्या भरतीसाठी आपल्या लोकांनी अर्जांमागून अर्ज का केले, हे ‘शौर्याची परंपरा’ एवढ्यावरच समजत नाही. त्या भरतीत पोरांची शाळाही होती.

रामजींच्या घरीही मिळकतीचा काच सुटला नव्हता. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली. भीमरावांच्या पुस्तकांसाठी रामजी लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणून गहाण ठेवत. आणि ज्याची फार चर्चा होत नाही ते हे की दोन्ही मुलांचे शिक्षण पेलवेना, म्हणून थोरले बंधू आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागले. एका घरातून एकाच मुलाला शाळा परवडली. पुढे कॉलेजसाठी सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची मदत मिळाली म्हणून शिक्षण चालू राहिले. ‘बाबासाहेब दिव्याखाली शिकले, तुम्हाला काय कमी आहे?’ असे पोरांना ऐकवणाऱ्यांनी आनंदरावांचे नावही त्यांना सांगावे. आणि साताऱ्याच्या शाळेत भीमराव रोज हजर असत, पण घरून नेलेल्या गोणपाटावर, वेगळे. हजेरीपटावर उपस्थिती पूर्ण, वर्गात मात्र तहान लागली तर शिपाई येईपर्यंत पाणी नाही. म्हणून ‘हजेरी वाढली’ असे कोणी सांगितले की आम्ही विचारतो, मूल बसले कुठे होते?

या सगळ्या गाठी एकाच वेळी सोडवायला हात घातला तो करवीरच्या राजाने. १९१७ साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड. ही दंडाची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही येते, आणि ती ऐकून काही मंडळी खूश होतात : ‘पाहा, शाहूंनीही आई-बापांनाच जबाबदार धरले!’ ते पुढचे पान उलटत नाहीत.

त्याच्या आगेमागे महाराजांनी काय काय केले ते एका ओळीत मांडून पाहा. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ सालचे. सक्तीच्या हुकुमानंतर वर्षभरातच, १९१८ साली, महार वतने खालसा करून जमिनी रयतावा केल्या. म्हणजे पोराला चावडीवर ओढणारा दोर कापला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम. म्हणजे दारातली जात हटवायचा प्रयत्न. वेठबिगारीवरही बंदी. जो राजा आधी वेठ बंद करतो, फी काढून टाकतो, राहण्या-खाण्याची सोय करतो, त्याला दंड लावण्याचा नैतिक अधिकार पोचतो. बाकी काहीच न करता नुसता दंड लावणाऱ्याला आम्ही सावकार म्हणतो.

ब्रिटिश मुलखात याच वेळी काय चालले होते? गोपाळ कृष्ण गोखल्यांचे १९११ सालचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षी पडले. मुंबई इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने म्युनिसिपालिट्यांना सक्ती करण्याची मुभा दिली, आणि १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक बोर्डांकडे सोपवले. ज्या बोर्डांवर गावचे पाटील-जमीनदार, त्यांच्याच हाती आपल्या पोरांची शाळा. त्याबद्दल जास्त लिहायची गरज नाही.

१२ मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आठवडाच उरला होता, आणि बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. त्यांनी मांडलेला एक आकडा पाठ करून ठेवावा असा आहे : प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत बुडतात. याचा अर्थ त्यांनी हिशेबनिसासारखा लावला : चौथीपर्यंत न टिकलेल्या मुलावर केलेला खर्च फुकट जातो, म्हणून सरकार शिक्षणावर खर्च करते म्हणजे बहुतांशी पाण्यात घालते. दोन वर्षांनी हार्टोग समितीने साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानचा हिशेब काढला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या १०० मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत होती ती १८ च. समितीचे नाव सगळीकडे घेतले जाते. बाबासाहेबांनी हेच आधी मांडले होते हे शिक्षणशास्त्राच्या किती पुस्तकांत आहे?

त्याच भाषणात त्यांनी लोकसंख्येच्या दर हजारी किती मुले प्राथमिक शाळेत आहेत ते वर्गवार ठेवले. पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मधले वर्ग ३८, मागासलेले १८. आणि मग तो मुद्दा, ज्याच्यावर पुढचे सारे आरक्षणाचे शास्त्र उभे आहे : जे असमान आहेत त्यांना समान वागणूक देऊन ते समान होणार नाहीत, खालच्यांना झुकते मापच द्यावे लागेल. एकाच गावात एकाच अंतरावर शाळा आहे म्हणून ब्राह्मणाच्या आणि महाराच्या मुलाला ‘समान संधी’ मिळाली असे होत नाही. एकाच्या घरात शाळेच्या वेळेत कोणी त्याची वाट पाहत नाही. दुसऱ्याच्या घरात त्याच वेळी त्याच्या हातांची गरज आहे.

बाबासाहेब भाषणावर थांबले नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभा जुलै १९२४ मध्ये निघाली आणि सहाच महिन्यांत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. नवी शाळा काढण्याआधी वसतिगृह का? कारण शाळा होत्या. त्यांत टिकण्यासाठी लागणारे जेवण, अंथरूण आणि अभ्यासाला मोकळा वेळ नव्हता. वसतिगृह म्हणजे मुलाला घराच्या तुटीतून आणि गावच्या हाकेतून बाहेर काढण्याची जागा. ज्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते तिचा १९३० चा अहवालही शिष्यवृत्त्या, वसतिगृहे आणि सर्वांच्या एकत्र शाळा यांच्याकडेच वळतो. आज वसतिगृहाची इमारत गळते, भोजनभत्ता महिनोन्‌महिने अडकतो, तेव्हा ‘सोय कमी झाली’ एवढेच आपण म्हणतो. खरे तर तिथे कोणाची तरी चौथी, कोणाची दहावी अडकलेली असते.

पोटाचे उत्तर मद्रासकडून आले, तेही ब्राह्मणेतर चळवळीतून. १९२० साली जस्टिस पक्षाच्या त्यागराय चेट्टींच्या पुढाकाराने मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना खाणे सुरू केले. खर्चाची मर्यादा दर मुलामागे रोज एक आणा. सरकारने काही वर्षांत तो खर्च नामंजूर केला. कामराजांनी १९५६ साली तेच पुन्हा राज्यभर नेले आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ साली वाढवले. आपल्याकडे ‘खिचडी’ देशपातळीवरची योजना म्हणून १९९५ ला आली, तीही आधी बहुतेक ठिकाणी कच्च्या धान्याच्या रूपात. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेले अन्नच द्या असे बजावले तेव्हा ताटे लागली. मधली पंच्याहत्तर वर्षे ‘पालकांना आवड नाही’ हे चालूच होते.

आता थोडे परदेशात जाऊ. ‘दलित पँथर’ हे नाव आपण जिथून घेतले त्या अमेरिकेत काळ्या मुलांबद्दल हाच आरोप होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली जेम्स कोलमन यांनी प्रचंड पाहणी केली. १९६६ च्या अहवालात निघाले की मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो. काहींनी लगेच अर्थ काढला की शाळेने काही होत नाही, पैसे कशाला घालवा! बाल्टिमोर शहरात डोरिस एन्टविसल आणि कार्ल अलेक्झांडर यांनी १९८२ साली पहिलीत आलेल्या सुमारे ८०० मुलांचा वर्षानुवर्षे माग काढला. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा चाचणी घेतल्यामुळे शाळा चालू असतानाची प्रगती आणि उन्हाळी सुट्टीतली प्रगती वेगळी काढता आली. शाळा चालू असताना गरीब आणि सुखवस्तू घरांतली मुले जवळपास सारखीच पुढे सरकत होती. दरी रुंदावत होती ती सुट्टीत. त्या चाचण्यांच्या मोजपट्टीवर पुढे काही संशोधकांनी शंका घेतल्या आहेत, दरी नेमकी किती आणि केव्हा वाढते यावर वाद आहे, तो असू द्या. पण निदान त्या मुलांची गाडी वर्ग चालू असताना अडत नव्हती, एवढे तरी ‘यांची पोरंच तशी’ म्हणणाऱ्यांना उत्तर देते. सुखवस्तू घर सुट्टीतही शाळेसारखे चालते. गरीब घराला शिकवायला शाळाच लागते.

आपल्याकडे हा प्रयोग कोरोनाने करून दाखवला, आणि उन्हाळ्यापुरता नव्हे. महाराष्ट्रात लहान मुलांचे वर्ग मार्च २०२० पासून जवळजवळ पावणेदोन वर्षे बंद होते. शिक्षण मोबाइलवर गेले, म्हणजे थेट घरच्या मिळकतीवर गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आदींनी महाराष्ट्रासह पंधरा राज्यांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी ८ टक्के. अजिबात न शिकणारी ३७ टक्के. अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण मुलांत नियमित ऑनलाइन शिकणारी अवघी ४ टक्के, तर इतर ग्रामीण मुलांत १५. ही मुले आज पुढच्या वर्गांत आहेत. त्यातल्या कोणाला वाचता येत नाही म्हणून मास्तर ओरडतात तेव्हा ते वर्ष कोणी आठवत नाही.

यावर आपल्या राज्याचे उत्तर काय आहे? हजेरी टिकावी म्हणून १९९२ साली एक उपस्थिती भत्ता सुरू झाला. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी. ७५ टक्के हजेरी असेल तर दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. कल्पना योग्य होती, जोतीरावांच्या मागणीचीच ती वंशज. पण तीस वर्षे उलटली तरी रुपयाचा रुपयाच राहिला. शाहू महाराजांचा १९१७ चा एक रुपया बापाला जड जाईल असा होता. या रुपयात आज बोरकूटही येत नाही. मुलीला भांड्या-धुण्याच्या कामाला, धाकट्याला सांभाळायला घरी ठेवले तर घराची जी बचत होते, तिच्यासमोर हा भत्ता ठेवून पाहा.

दुसरीकडे २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचे घाटत आले आहे. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त असल्याचे २०२३ साली सांगण्यात आले. त्या कुठे आहेत? वाड्या, तांडे, पाडे, डोंगरातल्या वस्त्या. सहा वर्षांच्या मुलाची शाळा एक किलोमीटरवरून चारवर गेली की त्याला सोडायला-आणायला कोणीतरी रोज मोकळे हवे. रोजंदारीवर जाणाऱ्या आईने त्यासाठी मजुरी बुडवायची का? पट कमी म्हणून शाळा बंद, शाळा लांब म्हणून हजेरी कमी, हजेरी कमी म्हणून ‘पालकांना आवड नाही’. धारवाडला १८५६ साली निदान एवढे तरी कबूल केले होते की न्याय मुलाच्या बाजूने आहे.

आणि बीड, जालना, परभणीकडचा ऊसतोड कामगार? मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात त्या मार्च-एप्रिलला परततात. मागे म्हातारे माणूस नसेल तर पोरगेही फडावर, कोपीवर. धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला, वाढे बांधायला. वतनाच्या चावडीची जागा मुकादमाच्या वहीने घेतली, एवढाच फरक. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, ती वेळेवर सुरू होते का हा प्रश्न आहे. गाड्या ऑक्टोबरात गेल्या आणि वसतिगृह डिसेंबरात उघडले तर तोवर पोर फडात पोचलेले असते.

म्हणून आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे की या वर्षी जयंतीच्या वर्गणीतला थोडा वेळ आणि थोडा पैसा शाळेच्या दप्तरापाशी घाला. आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पहिली ते चौथीचा महिनावार हजेरीपट माहितीच्या अधिकारात मागवा. त्यात सुगीचे, ऊसतोडीचे महिने वेगळे काढा. कोणत्या घरांची मुले कोणत्या महिन्यात गळतात ते वस्तीत बसून नावानिशी पाहा, आणि ती नावे वस्तीबाहेर जाऊ देऊ नका. उपस्थिती भत्ता कोणाला मिळाला, शेवटचा केव्हा मिळाला, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने कोणत्या तारखेला पाठवला, तो मंजूर कोणत्या तारखेला झाला, या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, त्यात वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असाव्यात असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो. आपल्या गावच्या समितीत आपल्या वस्तीतले कोण आहे हे निम्म्या जणांना तरी माहीत आहे का? पुढच्या बैठकीची तारीख विचारून ठेवा, आणि तो कागद घेऊनच जा.